संगणकाचें मौन

नारायणराव पेशव्यांच्या वधाची कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? इ. स. १७७३ च्या ऑगस्ट महिन्यांत शनिवारवाड्यांत जें घडलें, त्याच्या मुळाशीं एका अक्षराची खाडाखोड होती, ‘धरावें’चें ‘मारावें’ झालें, अशी आख्यायिका आहे. ती इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. आम्हांस तिच्यांतील एकच गोष्ट पाहावयाची आहे. आख्यायिकेंतील गारदी कागदाप्रमाणें वागतात. ‘सरकार, हें खरोखरच आपल्या मनांत आहे काय?’ असें विचारावयास ते परत येत नाहींत. लिहिणाराचा हेतु कागदावर उमटत नसतो. कागदावर उमटतात तीं केवळ अक्षरें.

असा उलट न विचारणारा सेवक आज आपल्या घरोघरीं आला आहे. पडद्यावरील चित्रांना बोट लावून त्याच्याकडून काम करून घेणारास त्याचा खरा स्वभाव सहसा कळत नाहीं. परंतु आपल्या मुलांपैकीं जीं प्रोग्रॅम लिहिण्याच्या किंवा सर्व्हर सांभाळण्याच्या व्यवसायांत आहेत, त्यांस विचारून पाहावें. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावयाची, एंटरची कळ दाबावयाची, आणि काम बिनबोभाट झालें तर पुष्कळदां उत्तर म्हणून कांहींच येत नाहीं. पुढच्या आज्ञेची वाट पाहणारें एक चिन्ह तेवढें लुकलुकत राहतें. या पद्धतीस ‘कमांड-लाइन’ म्हणतात. हें मौन कोठून आलें, त्यानें काय साधलें, आणि त्याचा अर्थ चुकीचा लावल्यामुळें काय काय ओढवलें, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. हा इतिहास ध्यानांत आला म्हणजे या विद्येंतील व्यावहारिक नियम घोकावे लागत नाहींत. ते आपोआप सुचूं लागतात.

इ. स. १९६० च्या सुमारास संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलें महागडें यंत्र होतें. भोकें पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा आंत द्यावा आणि कांहीं तासांनीं, क्वचित् दुसरे दिवशीं, निकाल घेऊन जावा, अशी रीत होती. एकाच यंत्रानें अनेकांस आळीपाळीनें क्षण क्षण द्यावा, म्हणजे प्रत्येकास तें आपलेंच आहे असें वाटेल, ही कल्पना अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं ‘सी-टी-एस-एस’ या व्यवस्थेच्या द्वारें १९६१ सालीं करून दाखविली. याच व्यवस्थेसाठीं लुई पूझां या फ्रेंच इंजिनियरानें अनेक आज्ञा एका फाइलींत लिहून ठेवून त्या ओळीनें चालविण्याची सोय केली. माणूस आणि यंत्राचा गाभा यांच्यामध्यें बसणाऱ्या दुभाष्यास ‘शेल’, म्हणजे कवच, हें नांवहि त्याचेंच. पुढें मल्टिक्स नांवाची भव्य योजना निघाली. वरील संस्था, जनरल इलेक्ट्रिक कंपनी व बेल लॅबोरेटरीज असे तिचे तीन भागीदार होते. योजना लांबत गेली, खर्च वाढत गेला, आणि १९६९ सालीं बेल लॅबोरेटरीजनें तिच्यांतून अंग काढून घेतलें.

मोठा वाडा अर्धा राहिला म्हणून कुशल गवंडी स्वस्थ बसत नाहीं. बेल लॅबोरेटरीजमधील केन टॉम्प्सन यांस पी-डी-पी-७ जातीचा एक लहान, फारसा वापरांत नसलेला संगणक सांपडला. १९६९ च्या उन्हाळ्यांत त्यांची पत्नी लहान मुलास घेऊन कॅलिफोर्नियास गेली असतां त्यांनीं यंत्राचा गाभा, शेल, मजकूर दुरुस्त करण्याचें साधन व असेंब्लर या एकेका अंगास एकेक आठवडा दिला, आणि महिन्याभरांत एका नव्या व्यवस्थेचा सांगाडा उभा केला. डेनिस रिची यांचें सहकार्य तिला प्रथमपासून लाभलें. ‘मल्टि’ म्हणजे पुष्कळ, तर ‘युनि’ म्हणजे एक. थोरल्या मल्टिक्सची थट्टा म्हणून या धाकट्या व्यवस्थेचें नांव ‘युनिक्स’ पडलें. आजचे लिनक्स हें तिच्याच वळणावर १९९१ सालीं लिनुस टॉरवाल्ड्स यांनीं नव्यानें लिहिलें, आणि जगांतील सर्व्हरांचा फार मोठा भाग त्याच्यावर चालतो.

त्या काळीं पडदा नव्हता, टेलिटाइप होता. टेलिटाइप म्हणजे तारेनें यंत्राशीं जोडलेला खडखडणारा टंकलेखक. त्याच्या प्रसिद्ध ३३ व्या नमुन्याचा वेग सेकंदास दहा अक्षरें इतकाच होता. त्याच्या कळाहि जड असत. अशा यंत्रापुढें बसणारा माणूस मितभाषी झाला तर नवल कसलें? फाइलींची यादी पाहण्याची आज्ञा ‘एल-एस’ झाली, नक्कल करण्याची ‘सी-पी’, हलविण्याची ‘एम-व्ही’, आणि काढून टाकण्याची ‘आर-एम’. माणसानें दोन अक्षरांत बोलावें आणि यंत्रानें काम झाल्यावर कांहींच बोलूं नये, हा करार ठरला. शंभर अक्षरांची शाबासकी छापण्यास दहा सेकंद लागत. ती हवी होती कोणास?

परंतु काटकसर हें या मौनाचें एक कारण झालें. दुसरें याहून महत्त्वाचें आहे. बेल लॅबोरेटरीजमधील डग्लस मॅकिलरॉय यांनीं ऑक्टोबर १९६४ मध्यें एका टिपणांत सुचविलें होतें कीं, बागेंतील नळीस जसा दुसरा तुकडा जोडतां येतो तसे प्रोग्रॅम एकमेकांस जोडतां यावेत. ही सूचना आठ वर्षांहून अधिक काळ पडून राहिली. मॅकिलरॉय यांनीं पिच्छा सोडला नाहीं, आणि १९७३ सालीं टॉम्प्सन यांनीं एका रात्रींत ती युनिक्समध्यें उतरविली. हाच ‘पाइप’. एका प्रोग्रॅमनें जें बाहेर टाकावें तेंच दुसऱ्यानें आंत घ्यावें, दुसऱ्याचें तिसऱ्यानें. आमच्या बागाइतदार वाचकांस पाटाचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत कसें जातें हें सांगावयास नको. आतां पाटावरील प्रत्येक गडी आपल्या कामाचें वर्णन लिहिलेला कागद पाण्यांत टाकूं लागला, तर शेवटच्या वाफ्यांत काय पोहोंचेल? म्हणूनच या साधनांनीं आपल्या मालाखेरीज दुसरें कांहीं बोलूं नये, हा दंडक पक्का झाला. तक्रारीस मात्र निराळी वाट काढून द्यावी लागली. छायाक्षरजुळणीच्या यंत्रावरून मोठ्या खर्चानें पानें यावीं आणि त्यांवर मजकुराऐवजीं ‘फाइल उघडतां येत नाहीं’ एवढीच ओळ सुंदर अक्षरांत छापलेली दिसावी, असे प्रसंग घडल्यावर माल एका प्रवाहानें आणि दोषनिवेदन दुसऱ्या प्रवाहानें नेण्याची व्यवस्था झाली. ती आजतागायत चालू आहे.

या जोडणीचें सामर्थ्य एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एखाद्या सर्व्हरच्या दारावर कोणी रात्रभर खोटे पासवर्ड देऊन धडका मारीत आहे. दाराची नोंदवही लाखों ओळींची आहे. ‘ग्रेप’ हें साधन तींतून फसलेल्या प्रयत्नांच्या ओळी निवडतें. ‘ऑक’ प्रत्येक ओळींतून धडक मारणाराचा पत्ता तेवढा उचलतें. ‘सॉर्ट’ ते पत्ते क्रमानें लावतें. ‘युनिक’ सारखे पत्ते एकत्र करून मोजतें. दुसऱ्यांदा आलेलें ‘सॉर्ट’ मोठी संख्या वर आणतें. आणि ‘हेड’ वरच्या दहा ओळी दाखवितें. सहा लहान कारागीर, एक ओळ, आणि अर्ध्या मिनिटांत उत्तर. यांत मेख एकच आहे. ‘युनिक’ फक्त शेजारशेजारच्या ओळींची तुलना करतें. त्याच्या आधीं ‘सॉर्ट’ घालावयास विसरल्यास उत्तर चुकतें, आणि चुकतें तेंहि मुकाट्यानें. म्हणून शहाणा मनुष्य सारी साखळी एकदम लिहीत नाहीं. तो पहिला दुवा लिहून काय बाहेर येतें तें पाहतो, मग दुसरा जोडतो, पुन्हां पाहतो. हा या विद्येंतील पहिला नियम.

या संबंधांत एका परीक्षणाची हकीकत आमच्या वाचकांस विशेष रुचेल. १९८६ सालीं जॉन बेंटली यांनीं एका संगणकविषयक मासिकांतील आपल्या सदरासाठीं प्रख्यात पंडित डोनाल्ड क्नुथ यांस एक कोडें घातलें: एखाद्या मजकुरांत सर्वांत अधिक वेळां आलेले शब्द मोजून दाखवा. क्नुथ यांनीं आपल्या नव्या सविस्तर लेखनपद्धतीचा नमुना म्हणून अनेक पृष्ठांचा देखणा प्रोग्रॅम लिहिला. परीक्षक होते मॅकिलरॉय. त्यांनीं त्याच्या कारागिरीची वाखाणणी केली, आणि मग तेंच काम सहा तयार साधनांच्या साखळीनें करून दाखविलें. क्नुथ यांस सांगितलें होतें तें त्यांनीं उत्तम केलें, हें विसरणें अन्यायाचें होईल. तथापि नवें लिहावयास बसण्यापूर्वीं घरांत काय आहे तें पाहावें, हा धडा त्या परीक्षणानें एका पिढीस दिला.

येथवर मौनाची स्तुति झाली. आतां दुसरी बाजू पाहूं. ‘मौन म्हणजे संमति’ असें आपण व्यवहारांत म्हणतों. पण मौन म्हणजे यश, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? युनिक्सच्या कर्त्यांसहि ही शंका होती. म्हणून प्रत्येक आज्ञा संपतांना न बोलतां एक अंक मागें ठेवून जाते. शून्य म्हणजे यश. शून्याखेरीज दुसरा अंक म्हणजे कोणत्या तरी प्रकारचें अपयश. यश एकाच प्रकारचें आणि अपयशाचे प्रकार अनेक, म्हणून शून्याची योजना मोठी मार्मिक आहे. परंतु हा अंक विचारल्याशिवाय दिसत नाहीं. शिवाय पाइपच्या साखळींत शेल साधारणतः शेवटच्या दुव्याचाच अंक सांगतो. मधला दुवा तुटून शेवटचा सुखरूप राहिला, तर सारें शुभ असेंच वर्तमान मिळतें. आज्ञांची फाइल लिहिणाऱ्या तरुणांनीं तिच्या आरंभींच शेलास बजावून ठेवावें कीं, आज्ञा फसली तर पुढें जाऊं नकोस, साखळीचा कोणताहि दुवा तुटला तरी साखळी तुटली असें समज, आणि न ठरविलेलें नांव आढळलें तर तेथेंच थांब. यांसाठीं बॅश या शेलांत अनुक्रमें ‘एरएक्झिट’, ‘पाइपफेल’ व ‘नाउनसेट’ असे तीन पर्याय आहेत. हे पर्याय सर्व प्रसंगीं पुरे पडतात असें नाहीं. पण ते नसण्यापेक्षां असणें पुष्कळ बरें.

अशा सावधगिरीचें महत्त्व १९१५ च्या नव्हे, अगदीं अलीकडच्या, २०१५ च्या जानेवारींतील एका प्रकरणानें जगास कळलें. लिनक्सवरील ‘स्टीम’ या खेळांच्या दुकानाच्या आज्ञाफाइलींत ‘अमुक डिरेक्टरीच्या आंतील सर्व कांहीं काढून टाक’ अशी ओळ होती. कांहीं परिस्थितींत त्या ‘अमुक’च्या जागीं कांहींच भरलें जात नसे. शेल अशा रिकाम्या नांवाविषयीं तक्रार करीत नाहीं. तें गाळून पुढें वाचतो. तेव्हां उरलेल्या आज्ञेचा अर्थ ‘मुळापासून सर्व कांहीं काढून टाक’ असा झाला, आणि ज्यांनीं हा प्रसंग अनुभवला त्यांच्या खाजगी फाइली नाहींशा झाल्या.

आम्ही दुसऱ्यांच्या चुका सांगत आहों, तर आपलीहि सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं जुन्या मासिकांतील लेखांची एक सूचि आम्ही फुरसतीच्या वेळीं तयार करीत होतों. तिचे ‘जुनी’ या शब्दानें आरंभ होणारे टाकाऊ खर्डे काढून टाकण्यासाठीं आम्हीं ‘आर-एम’ची आज्ञा लिहिली. ‘जुनी’पुढें लागूनच तारका हवी होती, तारकेचा अर्थ ‘पुढें कांहींहि असो’. हात घसरला आणि मध्यें एक मोकळी जागा पडली. आज्ञेचा अर्थ झाला: ‘जुनी’ नांवाची फाइल काढ, आणि येथें आहे नाहीं तें सारें काढ. पहिल्या नांवाची फाइलच नव्हती. तेवढ्यावर तरी यंत्रानें हटकलें असतें. पण तक्रार करूं नकोस असें त्याच ओळींत आम्हींच त्यास बजावलें होतें. पडद्यावर कांहींहि उमटलें नाहीं. आम्ही समाधानानें चहास गेलों. चार वर्षांचें काम गेलें आहे हें परत आल्यावर कळलें. तारकेचा विस्तार ‘आर-एम’ करीत नाहीं, शेल करतो, आणि आज्ञेच्या हातीं तयार यादी देतो, हें आम्हांस पुस्तकावरून ठाऊक होतें. ठाऊक असलेली गोष्ट हातास ठाऊक नव्हती. तेव्हांपासून काढण्याच्या आज्ञेपूर्वीं तीच नांवें प्रथम ‘एल-एस’ला देऊन यादी डोळ्यांखालून घालावयाची, हा आमचा नित्यनेम झाला आहे. युनिक्सवर ‘आर-एम’नें गेलेली फाइल परत मागण्याची कचेरी नाहीं.

गारद्यांच्या हातीं तलवार होती म्हणून कागदास धार आली. युनिक्समध्येंहि सर्वाधिकारी असा एक वापरकर्ता असतो. त्यास ‘रूट’ म्हणतात. त्याला कोणतेंहि दार बंद नाहीं. जुन्या काळीं व्यवस्थापक सर्रास रूट होऊनच दिवसभर काम करीत. १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठांत बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनीं ‘सुडो’ हें साधन लिहिलें. त्यायोगें ज्याला जेवढा अधिकार हवा तेवढाच, त्या एका आज्ञेपुरताच, देतां येतो, आणि कोणी केव्हां काय केलें याची नोंदहि ठेवतां येते. तलवार कमरेस बांधून झोपूं नये, एवढाच याचा अर्थ. पुढें १९९५ सालीं फिनलंडमधील टाटू इलोनेन यांनीं ‘एस-एस-एच’ तयार केलें. त्यापूर्वीं दूरच्या यंत्रावर जातांना पासवर्ड उघडाच तारेवरून जाई, आणि चोरून ऐकणारा अर्थातच आवाज करीत नसे. एस-एस-एचनें संभाषण गुप्त केलें. पण या सोयीचा एक परिणाम असा कीं, हजारों कोसांवरचें यंत्र आणि शेजारचें यंत्र यांच्या काळ्या खिडक्या हुबेहूब सारख्या दिसूं लागल्या.

या सारखेपणाचा फटका गिटलॅब या कंपनीस ३१ जानेवारी २०१७ रोजीं बसला. रात्रीं उशीरापर्यंत राबणाऱ्या तिच्या एका इंजिनियरास दुय्यम सर्व्हरवरील डेटाबेसची डिरेक्टरी रिकामी करावयाची होती. आज्ञा दिली गेली मुख्य सर्व्हरवर. एकदोन सेकंदांत चूक ध्यानांत येऊन त्यानें हात आवरला. तोंवर सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचारच्या आसपास उरले होते. मग बॅकअपकडे धांव घेतली. रोजचा बॅकअप घेणारें साधन डेटाबेसच्या आवृत्तीशीं जुळत नसल्यामुळें कित्येक दिवस फसत होतें. तसें कळविणारीं पत्रेंहि टपालाच्या नियमांत अडकून कोणास पोहोंचत नव्हतीं. कोणाची तक्रार आली नाहीं, म्हणून सर्व ठीक, असें समजून मंडळी निर्धास्त होती! सुदैवानें सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं हातानें घेतलेली एक नक्कल होती; तिच्यावरून घडी बसविली, पण मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कंपनीनें ही सारी हकीकत लोकांपुढें उघड मांडली, हें तिला भूषणावह आहे.

असाच प्रसंग १९९८ सालीं पिक्सार या चित्रपटसंस्थेंत ‘टॉय स्टोरी २’ची निर्मिति चालू असतां घडला होता. एका ‘आर-एम’नें चित्रपटाचा बराचसा भाग नाहींसा केला, आणि बॅकअप नीट उतरत नव्हता हें तेव्हां कळलें. गॅलिन सुसमन या तंत्रनिर्देशिका बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिनें चित्रपट वांचविला.

या दोन्ही कथांत साम्य आहे तें असें कीं, मोडली ती आज्ञा एकच, पण मुकेपणानें मोडून पडलेल्या गोष्टी आधींपासून अनेक होत्या. साधनाचें मौन आणि व्यवस्थेचें मौन यांतील भेद हाच या विद्येचा गाभा होय, असें आम्हांस वाटतें. साधन काम करून गप्प बसतें, तो त्याचा गुण आहे. पण रात्रीं घेतला जाणारा बॅकअप सकाळीं गप्प असेल, तर तो झाला म्हणून गप्प आहे कीं मेला म्हणून गप्प आहे, हें मौनावरून कळत नाहीं. म्हणून यशाची वर्दी देण्यास त्यास भाग पाडावें, आणि वर्दी न आल्यास तीच धोक्याची घंटा समजावी. महिन्यादोन महिन्यांनीं एकदां त्या प्रतीवरून फाइली खरोखर परत उभ्या करून पाहाव्या. जी प्रत कधीं उतरवून पाहिली नाहीं ती प्रत नव्हे, ती आशा होय. दोन यंत्रांच्या खिडक्यांस निरनिराळे रंग द्यावे; काढण्याची आज्ञा देण्यापूर्वीं आपण कोठें आहों हें ‘होस्टनेम’ व ‘पी-डब्ल्यू-डी’ या आज्ञांनीं यंत्रास विचारावें; आणि केलेलें काम टिपून ठेवावें. आठ-दहा सेकंदांचा हा खोळंबा टेलिटाइपच्या काळीं महाग होता. आज तो अगदीं स्वस्त आहे.

अलीकडे या इतिहासास एक नवें वळण लागलें आहे. आज्ञा काय लिहावी हेंहि आतां संगणकासच विचारतां येतें, आणि तो क्षणांत ऐटबाज ओळ लिहून देतो. त्या ओळींतील प्रत्येक अक्षराचा अर्थ कळल्याशिवाय एंटरची कळ दाबणें म्हणजे दुसऱ्यानें लिहिलेल्या कागदावर न वाचतां शिक्का उठविणें होय. आख्यायिकेंतील गारद्यांस विचारण्याची मुभा होती कीं नाहीं, हें इतिहास जाणे. यंत्रास तर ती बुद्धीच नाहीं. तेव्हां ‘हें खरोखरच आपल्या मनांत आहे काय?’ हा प्रश्न आज्ञा लिहिणारानें, कळ दाबण्यापूर्वींच्या त्या एका क्षणांत, आपला आपल्यालाच विचारला पाहिजे. तो क्षण गेल्यावर काळा पडदा पूर्ववत् शांत राहतो, आणि त्या शांततेवरून कांहींच कळत नाहीं.